निर्माता : एका दुनळीच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२४, शनिवार

लोकसभेच्या निवडणुकीपायी पोलीस ठाण्यात जमा असलेली मामांची दुनळी परवा परत मिळाली. लगेच फोन. "आता ये आणि तुझं ते कार्डांचं खूळ एकदाचं संपव."

वाड्यातल्या जुन्या वस्तूंची सूची मी गेल्या दिवाळीपासून करतोय. समया, पानाचे डबे, दोन तलवारी, एक दांडपट्टा, तांब्याचा बंब, असं सगळं झालं. राहिली ही बंदूक. प्रत्येक वस्तूला एक कार्ड, कार्डावर सात रकाने. सहा सहज भरले. सातवा 'निर्माता'.

मामा म्हणाले, "लंडन मेक. अण्णांनी मुंबईहून आणली." दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर एका दुकानाचं नाव कोरलंय, पुढे 'बॉम्बे'. लंडन कुठेच दिसलं नाही. पेन्सिलीने दुकानाचं नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

प्रश्नचिन्हाचं कारण माझ्या धंद्यात आहे. भोसरीत तेहतीस वर्षं जॉबवर्कचं शेड चालवलं. माझ्या हातचे बुश आणि पिना कुठल्या कुठल्या गाड्यांत फिरत असतील, देव जाणे. माझं नाव फक्त चलनावर. त्यामुळे वस्तूवर नाव दिसलं की मी आधी विचारतो, हा बनवणारा की बिल फाडणारा?

१५ जून, शनिवार

पुण्यातल्या परवानाधारक बंदूक दुरुस्तीच्या दुकानात. मामा सोबत, परवाना त्यांच्या खिशात. घरी काहीही उघडायचं नाही हे आधीच ठरलेलं.

दुकानातले उस्ताद सत्तरीचे. त्यांनी चापाच्या कडीखालचा लांब खटका फिरवला, नळ्या मोडल्या, पुढचं लाकूड काढलं आणि नळ्या उलट्या करून दिव्याखाली धरल्या. पट्टीवरचं नाव त्यांनी वाचलंसुद्धा नाही. "वर काय लिहिलंय ते दुकानदाराचं. खाली बघा."

खाली, एरवी झाकलेल्या सपाट भागावर, ठशांची गर्दी. मुकुट, त्याखाली एकमेकांवर आडवे दोन राजदंड आणि त्यांच्या फटींत बी, सी, पी. हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे नळ्या उडवून तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का. शेजारी '१३ बी', '१४ एम' आणि पूर्ण शब्दांत 'नॉट फॉर बॉल'. म्हणजे गोळी घालू नका, छरेच घाला, कारण नळी तोंडाशी आवळत आणलेली आहे. मागच्या टोकाला तेराचं माप, तोंडाशी चौदाचं. या मापांत आकडा वाढला की भोक लहान, ते आपल्या तारेच्या गेजसारखं. असं लिहायची पद्धत १८७५ ते १८८७ एवढीच वर्षं होती. एका ठशाने बारा वर्षांची चौकट मिळाली.

मामांचा चेहरा उतरला. "म्हणजे लंडनची नाही?"

उस्ताद हसले. "साहेब, लंडनच्या नावाच्यासुद्धा कितीतरी बर्मिंगहॅमच्याच असायच्या."

कार्डावर दुकानाचं नाव खोडलं. 'बर्मिंगहॅम' लिहिलं. पण हे गावाचं नाव झालं, निर्मात्याचं नव्हे.

२३ जून, रविवार

आठवडाभर वाचन. बर्मिंगहॅमच्या मध्यवस्तीच्या उत्तरेला सेंट मेरी चर्चभोवती चार-सहा गल्ल्या: स्टीलहाऊस लेन, व्हिटॉल स्ट्रीट, वीमन स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, बाथ स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट. याला गन क्वार्टर म्हणायचे. १८६१ साली त्या शहरात या धंद्यात ५,८०० माणसं होती आणि बहुतेक एवढ्याच गल्ल्यांत. मी मोठ्या कारखान्याचं चित्र डोक्यात धरून वाचत होतो. कारखाना सापडेना. सापडत होती ती मागच्या अंगणात लोटलेली शेडं, माडीवरच्या खोल्या आणि भाड्याने घेतलेली बाकडी.

ज्याला तिथे 'गनमेकर' म्हणत त्याच्याकडे बहुधा एक गोदाम असे, बस. ऑर्डर तो घेई. नळ्या एकाकडून, लॉक (घोडा पाडणारी स्प्रिंगची यंत्रणा) दुसऱ्याकडून, चाप आणि त्याची कडी तिसऱ्याकडून विकत आणी. या सगळ्यांना 'मटेरियल मेकर' म्हणत. मग तो कच्चा संच जुळणीवाल्यांकडे फिरे, ते 'सेटर-अप'. हे दोन तट मला नीट समजायला दोन दिवस लागले, आणि समजल्यावर हसू आलं. आमच्याकडे फोर्जिंग, मशिनिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग हे सगळं चार गल्ल्यांत आणि पार्टी तिसरीच. फरक एवढाच की आमचा माल टेम्पोतून फिरतो, त्यांचा पोऱ्यांच्या हातून फिरायचा. एका बाकड्यावरून दुसऱ्या बाकड्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्या माडीवर. एकाच बंदुकीचे तुकडे दिवसभर रस्त्यावर. म्हणूनच सगळे एकमेकांना चिकटून राहात होते. लांब गेलात तर काम बंद.

जुळणीतले धंदे वहीत उतरवून काढले, कारण नावांतच सगळं आहे. नळीला आतून भोक पाडून गुळगुळीत करणारा. बाहेरून सहाणेवर घासणारा. दोन नळ्या जोडून मधे पट्टी बसवणारा. दस्त्याचं लाकूड ओबडधोबड तासणारा आणि ते नेमकं कोरून त्यात लॉक बसवणारा, हे दोघे निराळे. मळसूत्रं बसवणारा 'स्क्रूअर'. कडक करणारा. पॉलिश करणारा. नक्षी कोरणारा. नळीला तपकिरी रंग चढवणारा 'ब्राउनर'. शेवटचा हात फिरवून लाकूड गुळगुळीत करणारा 'मेकर-ऑफ'. आणि किरकोळ लोखंडी तुकडे करणाऱ्यांसाठी एक गमतीचा शब्द, 'ऑडवर्क'. आमच्याकडे याला 'फुटकळ लेबर' म्हणतात आणि पैसे सगळ्यांत उशिरा देतात.

६ जुलै, शनिवार

आज लॉक काढली. अख्ख्या प्रकल्पातला सगळ्यात चांगला दिवस, आणि माझ्या हातून गाढवपणाही आजच झाला.

दोन घोडे, दोन बाजूंना दोन लॉक. बाहेरून पानाफुलांची साधी नक्षी असलेली पट्टी. आतून उघडल्यावर मात्र वेगळीच दुनिया. मुख्य स्प्रिंग, तिला टंबलरशी, म्हणजे घोड्याबरोबर फिरणाऱ्या तुकड्याशी जोडणारी इवलीशी कडी, टंबलरवर बसलेला पूल, चापाशी बोलणारी दांडी. सगळं कानशीने केलेलं आणि कानशीच्या खुणा मागे ठेवलेल्या नाहीत. मी फिटर माणूस. दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

ही लॉकं बहुधा बर्मिंगहॅमचीही नसत. वेन्सबरी, डार्लस्टन, विलेनहॉल ही शेजारच्या ब्लॅक कंट्रीतली गावं. कोळसा आणि लोखंडाचा काळा मुलूख, म्हणून ते नाव. तिथे घरोघरी लॉक घडत. तापवून घडवणारा निराळा, कानसून जुळवणारा निराळा. सर्वांत नावाजलेली लॉक वुल्व्हरहॅम्प्टनची. तिथल्या जोसेफ ब्रेझियरची लॉक लंडनच्या बड्या बड्या नावांच्या बंदुकांत बसलेली आहेत. गिऱ्हाईक लंडनच्या उच्चभ्रू मेफेअरमध्ये लॉर्ड, लॉक वुल्व्हरहॅम्प्टनचं.

आमच्या लॉकवर आतल्या बाजूने दोन आद्याक्षरं आहेत. कुणाची ते कळायला मार्ग नाही. घोडा पडल्यावर आपोआप थोडा मागे येऊन थांबतो. ही युक्ती वुल्व्हरहॅम्प्टनच्याच जॉन स्टँटनने १८६७ साली पेटंट केली, पुढे ती सगळीकडे पसरली. १८७५ नंतरच्या बंदुकीत ती असणं बरोबर जुळतं.

आता गाढवपणा. दोन्ही लॉकचे स्क्रू मी रॉकेलमध्ये धुवायला एकाच वाटीत टाकले. (तिकडचे कारागीर त्यांना स्क्रू म्हणत नाहीत, 'पिन' म्हणतात. पूर्वी तिथे खरोखर पिना असायच्या, वस्तू बदलली आणि शब्द राहिला.) दिसायला जोड्या सारख्या. परत बसवताना एक पिन शेवटपर्यंत गेली पण डोक्याची खाच तिरपी थांबली. आणखी एक अर्ध्यातच अडली. उस्तादांनी नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "डावीची डावीत." दोन्ही अदलाबदल केल्या आणि खाचा सरळ नळीच्या रेषेत येऊन थांबल्या, जणू कुणी पट्टी धरून आखल्या होत्या.

म्हणजे प्रत्येक पिन त्या एका भोकासाठी कापलेली. आम्ही आयुष्यभर उलटं शिकलो: कुठलाही बुश कुठल्याही बोअरमध्ये गेला पाहिजे, नाहीतर लॉट परत. इथे एका भोकाचा स्क्रू दोन इंचांवरच्या भोकाला चालत नाही, आणि तेच चांगल्या कामाचं लक्षण.

१३ जुलै, शनिवार

पाऊस. दुकान बंद. काम काही नाही.

२८ जुलै, रविवार

मूळ शोधत मागे गेलो. १६९३ च्या जानेवारीत इंग्लंडच्या सरकारी शस्त्र खात्याने, म्हणजे ऑर्डनन्स ऑफिसने, बर्मिंगहॅमच्या पाच जणांशी करार केला. महिन्याला २०० बंदुका, दर नगाला १७ शिलिंग, शिवाय लंडनला पोचवण्याची वाहतूक दर हंड्रेडवेटला (साधारण पन्नास किलोला) ३ शिलिंग. आणि पैसे रोख, माल पोचल्यापासून आठवड्यात. हे वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्याकडे लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्या असा कायदा करावा लागला, आणि तरी वसुलीसाठी फेऱ्या मारायच्या त्या मारायच्याच.

पाच जणांनी सही केली खरी, पण महिन्याला २०० बंदुका पाच जण थोडेच करणार? करार पाचांशी, काम गावाशी.

अठराव्या शतकात सरकारने वेगळीच चाल काढली. अख्खी बंदूक घ्यायचीच नाही. नळ्या आणि लॉक बर्मिंगहॅमकडून सुटी विकत घ्यायची, टॉवर ऑफ लंडनमध्ये साठवायची, आणि गरज पडेल तशी लंडनच्या जुळणीवाल्यांना मोजून द्यायची. पार्टी कच्चा माल देते, आपण फक्त लेबर करतो, तसंच. यात सरकारचा फायदा उघड आहे. कुणा एकाच्या हातात अख्खी बंदूक नाही, म्हणून कुणी एक जण अडवू शकत नाही. आधी लॉकवर कंत्राटदाराचं नाव आणि साल असायचं. १७६४ पासून तेही गेलं. नुसता मुकुट आणि 'टॉवर' हा शब्द.

हे वाचताना पाठ ताठ झाली. आपल्या संग्रहालयांतल्या ठासणीच्या बंदुकांवर 'टॉवर' वाचून मी स्वतः किती जणांना सांगितलंय की ही टॉवर ऑफ लंडनमध्ये बनली! टॉवर हे गोदाम होतं. लॉक बहुतेक वेन्सबरीच्या किंवा डार्लस्टनच्या कुणाचं तरी.

आपल्याशी खरा दुवा इथे लागतो. ईस्ट इंडिया कंपनी स्वतःसाठी वेगळी, जरा आखूड, ३९ इंची नळीची स्वस्त बंदूक करून घेत असे. फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा सरकारी खात्याला बंदुका पुरेनात. १७९४ पासून त्यांनी कंपनीच्याच बंदुका उचलायला सुरुवात केली आणि १७९७ ला तोच नमुना अधिकृत करून टाकला. नाव 'इंडिया पॅटर्न'. म्हणजे हिंदुस्थानसाठी काढलेला स्वस्तातला माल इंग्रज शिपायाच्या खांद्यावर चढला. १८०४ ते १८१५ या काळात बर्मिंगहॅमने सरकारला १७ लाखांहून जास्त पुऱ्या बंदुका दिल्या, आणि त्याखेरीज ३० लाखांवर सुट्या नळ्या व २८ लाखांवर सुटी लॉक. सुट्या भागांचा आकडा पुऱ्या बंदुकांहून मोठा आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखं.

१७ ऑगस्ट, शनिवार

नळ्या. इतके दिवस काळपट दिसत होत्या. उस्तादांनी तेलाचं बोट फिरवलं आणि उन्हात धरलं, तर आत वळ्या-वळ्यांची बारीक वेलबुट्टी. दमास्कस. लोखंड आणि पोलादाच्या कांबी एकावर एक रचून, तापवून, पिळून, मग सळईभोवती गुंडाळून घणाने जोडलेली नळी. हे काम तिघांच्या टोळीचं: एक मुख्य आणि दोन घण मारणारे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा कच्च्या नळ्या बेल्जियममधल्या लिएजहूनही बर्मिंगहॅमला येऊ लागल्या, कारण स्वस्त. म्हणजे 'इंग्लिश' बंदुकीची नळी बेल्जियन असण्याचीही शक्यता. कार्डावर आता 'बर्मिंगहॅम'समोरही प्रश्नचिन्ह आलं.

नळी सरळ आहे की नाही हे कसं पाहात, ते उस्तादांनी करून दाखवलं. नळी डोळ्याला लावायची, खिडकीकडे धरायची. आत सावलीची एक रेघ पडते. रेघ सरळ असली तर नळी सरळ. रेघेला पोक आलं तर नळी तिथे वाकलेली, हातोड्याचा एक अंदाजपंचे नव्हे तर अगदी मोजका ठोका. बर्मिंगहॅमचा नळी सरळ करणारा हेच करी आणि एवढंच करी. आमच्याकडे या कामाला डायल गेज लागतो. मी तीनदा पाहिलं, मला तिन्ही वेळा रेघ सरळच दिसली. उस्तादांना डाव्या नळीत पोक दिसलं.

आणखी एक. नळी आणि ॲक्शन, म्हणजे नळ्या मागून जिच्यावर मिटतात तो लोखंडी भाग, एकमेकांवर कशी चपखल बसवत? आम्ही निळा रंग लावतो, दाबतो, जिथे रंग उतरतो तिथे खरवडतो. ते दिव्याची काजळी धरत. धूर निघणारी वात, त्यावर लोखंड धरायचं, काळं झालं की बसवायचं, काढायचं, जिथे काजळी पुसली गेली तिथे कानशीचा एक हात. मग परत काजळ. अशा कितीतरी फेऱ्या. ॲक्शनवाल्याच्या बाकड्यावर तो दिवा दिवसभर जळत असे.

नळी प्रूफ हाऊसला दोनदा जाई. एकदा कच्ची असताना आणि एकदा ॲक्शन बसल्यावर. नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून उडवायची, फुटली तर तिथेच. कच्ची असतानाची परीक्षा का, हे कुठल्याही जॉबवर्कवाल्याला सांगावं लागणार नाही. पुढच्या दहा जणांची मजुरी वाया जाण्याआधी रिजेक्शन निघालेलं बरं.

जाता जाता: नळ्या आवळून धरणारा तो चापाच्या कडीखालचा खटका बर्मिंगहॅमच्याच हेन्री जोन्सचा. पेटंट १८५९ चं. १८६२ मध्ये त्याने नूतनीकरणाचे पैसे भरले नाहीत आणि पेटंट गेलं. त्यानंतर जगभरच्या बंदुकवाल्यांनी तो खटका फुकट वापरला.

२५ ऑगस्ट, रविवार

मामांनी विचारलं, "एवढी भारी कारागिरी, मग ही माणसं श्रीमंत झाली असतील?"

नाही झाली. हा धंदा लढायांवर चाले. लढाई लागली की दर चढे, बाकड्यावर पोरं वाढत, कारागीर अडून बसत. तह झाला की ऑर्डर एका रात्रीत बंद. गोदामवाल्याचं काय अडकलेलं असे? थोडा माल. बाकडं, कानशी, खोलीचं भाडं आणि हाताखालच्या माणसांची मजुरी हे सगळं कारागिराच्या गळ्यात. १८१५ नंतर हेच झालं. मंदीचा भार आपोआप खाली घसरत जाईल अशीच त्या धंद्याची उतरण होती. भोसरीतल्या कुणालाही २००८ आठवेल.

पण उलटी बाजूही आहे, ती सांगायला हवी. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल सरकारला घाईने हवी होती, क्रिमियाचं युद्ध तोंडावर. नळ्या तयार, लॉक तयार, आणि सगळं अडलं दस्त्यांपाशी. लाकडात लॉकची जागा कोरणारे थोडे, आणि त्यांनी संप केले. एका टप्प्यावरच्या मूठभर हातांनी अख्खी साखळी धरून ठेवली. १८५४ साली संसदेच्या समितीने चौकशी केली, रिव्हॉल्व्हरवाल्या कोल्टसकट मोठमोठ्यांच्या साक्षी झाल्या, आणि सरकारने अमेरिकेहून यंत्रं आणून एन्फील्डचा स्वतःचा कारखाना नव्याने उभा केला. दस्ता कोरणारी यंत्रं त्यात आलीच. संप करणाऱ्यांना उत्तर यंत्राने मिळालं.

गोदामवालेही शहाणे. १८६१ मध्ये त्यांच्यातल्या चौदा जणांनी मिळून बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनी काढली, स्मॉल हीथला पंचवीस एकरांवर, यंत्रांनी एकसारखे सुटे भाग करायला. हीच बीएसए. त्यांच्या चिन्हात एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतात. आमच्या पिढीला हे नाव सायकलीवरून माहीत. मी स्वतः आयटीआयला जायचो ती बीएसएच होती, आणि त्या तीन काठ्या म्हणजे काय हा प्रश्न मला कधी पडला नाही.

गंमत अशी की हाताचा धंदा लगेच मेला नाही. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी पेटली आणि बर्मिंगहॅमहून ७ लाख ३३ हजार ४०३ बंदुका तिकडे गेल्या. बहुतेक याच गल्ल्यांतून, हाताने जुळवलेल्या. आणि शिकारीच्या बंदुकांत तर ही पद्धत पुढेही कितीतरी वर्षं टिकली. मामांची दुनळी त्यातलीच.

८ सप्टेंबर, रविवार

घरी गणपती, त्यामुळे काम थोडं. एकच गोष्ट लिहून ठेवतो. सॅम्युएल गॉल्टन हा स्टीलहाऊस लेनचा मोठा बंदूकवाला, आणि पंथाने क्वेकर, म्हणजे हिंसा निषिद्ध मानणारा. त्याच्या बंदुका पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापारातही जात. पंथाने जाब विचारला तेव्हा त्याचं उत्तर थोडक्यात असं होतं: लढाईचा भाग होण्यापासून सुटलाय कोण? कर भरणारा प्रत्येक जण त्यात आहे. १७९६ मध्ये पंथाने त्याला बाहेर काढलं. उत्तर पळवाटेचं आहे हे मला कळतं. पण जिथे बंदूक इतक्या हातांत वाटली जाते, तिथे 'मी फक्त मळसूत्र केलं' म्हणायला प्रत्येकाला जागा होती, हेही खरं.

२२ सप्टेंबर, रविवार

आज जे सापडलं त्याने कार्डाचा प्रश्न सुटला नाही, पण तो माझा एकट्याचा नाही एवढं कळलं.

१८१३ साली लंडनच्या बंदूकवाल्यांनी संसदेत विधेयक आणायचा घाट घातला: प्रत्येक बंदुकीवर बनवणाऱ्याचं खरं नाव आणि खरं गाव कोरलंच पाहिजे. वरवर किती रास्त! मी आठ जूनपासून हेच तर मागतोय. बर्मिंगहॅमवाल्यांना घाम फुटला. बंदुकीत तीस-चाळीस जणांचे हात, मग खरं नाव कुणाचं? शिवाय गावोगावचे आणि लंडनचेही दुकानदार बर्मिंगहॅमचा माल घेऊन त्यावर स्वतःचं नाव घालत होते. खरं गाव कोरलं की ते गिऱ्हाईक गेलं. बर्मिंगहॅमवाले धावत संसदेत गेले, विधेयकातली ती नावाची भानगड हाणून पाडली, आणि उलट स्वतःच्या गावासाठी प्रूफ हाऊसचा कायदा पदरात पाडून आले. बॅनबरी स्ट्रीटवरचं ते प्रूफ हाऊस आजही चालू आहे. आमच्या नळ्यांखालचा मुकुट आणि राजदंड तिथला.

म्हणजे 'ही कुणी बनवली' ऐवजी 'ही फुटणार नाही' एवढ्याची हमी द्यायची, असा तोडगा निघाला. आणि तो दोनशे वर्षं चालला.

नाव मिळवायचं तर रस्ता एकच होता: बाकडं सोडून दुकान थाटणं. चार्ल्स लँकेस्टर लंडनचा नळीवाला. लंडनचा बडा बंदूकवाला जोसेफ मँटन, त्याच्या ज्या बंदुका नावाजल्या त्यांच्या नळ्या याच्या. १८२६ मध्ये न्यू बाँड स्ट्रीटला स्वतःचं दुकान काढलं तेव्हा कुठे लोकांना लँकेस्टर कळला. उलटी गोष्ट हॅरिस हॉलंडची. मूळ धंदा तंबाखूचा. बाकड्यावर कधी बसला नाही, पण आजही लोक ज्याचं नाव अदबीने घेतात ते हॉलंड अँड हॉलंड त्याचंच. सुरुवातीच्या काळात त्याच्या बंदुका बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. अँड सी. स्कॉटसारख्यांकडून करून घेतलेल्या असत. पुढे १९८५ मध्ये हॉलंडने ती स्कॉटच विकत घेतली.

मी कार्डाला एक पुरवणी चिकटवायचं ठरवलं. निर्माता: पान दोन पाहा. पान दोनवर धंद्यांची यादी, प्रत्येकासमोर जे ठसे सापडले ते. लॉकवाला: दोन आद्याक्षरं. नळीवाला: नळीच्या तळाला दोन आद्याक्षरं, लॉकवरच्यांहून वेगळी. दस्तावाला: काही नाही. नक्षीवाला: काही नाही. पिन बसवणारा: काही नाही. पुढे तेच.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

वाड्यात शस्त्रपूजन. पाटावर दोन तलवारी, दांडपट्टा, मधे दुनळी. झेंडूची माळ नळ्यांवरून. मामींनी हळदकुंकू लावलं ते नेमकं पट्टीवरच्या दुकानाच्या नावावर. मी म्हटलं, "मामी, खाली लावा, आतल्या बाजूला." मामी म्हणाल्या, "देवाला समोरून लावतात, मागून नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी शेडमधून आणलेली एक जुनी कानस पाटाच्या कडेला ठेवली. कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी कुंकू मऊ कापडाने पुसलं, तेल लावलं. कोरलेल्या अक्षरांत थोडं लाल राहिलंय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

विधानसभेची आचारसंहिता लागली. मामांचं नाव यादीत, बंदूक परत जमा करायची. मी सोबत गेलो, सूचीची फाइल बगलेत, न जाणो लागली तर.

हवालदारांनी परवाना पाहिला, नंबर जुळवला, रजिस्टर उघडलं.

"मेक?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल उघडली, पान दोन काढलं. "त्याचं असं आहे, नळ्या कदाचित बेल्जियमच्या, लॉक वुल्व्हरहॅम्प्टनकडचं, जुळणी बर्मिंगहॅम..."

"कंपनीचं नाव सांगा की साहेब, मागे लाइन आहे."

मामा पटकन म्हणाले, "विलायती लिहा."

पावती जपून फाइलला लावली आहे: डीबीबीएल (म्हणजे दुनळी), १२ बोअर, मेक विलायती, १ नग.